पतंग घरात आला तर: रव्याच्या डब्यापासून वीतभर पंखांच्या अ‍ॅटलासपर्यंत

जूनमधला पहिला दणकून पाऊस झाला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझ्या दाराशी डब्या यायला लागतात. काडेपेटी, औषधाची रिकामी बाटली, कधी पोरांचा खाऊचा डबा, आणि आत काहीतरी फडफडणारं. "काकू, हे काय आहे बघा ना. चावतं का?" डबी उघडायच्या आधी मी एकच विचारते, कुठे सापडलं? स्वयंपाकघरात, कपाटात, बाथरूमच्या भिंतीवर, जिन्यातल्या ट्यूबपाशी, की कुंडीत? जागा कळली की निम्मी ओळख झालेली असते. पतंगांच्या हजारो जाती आपल्या देशात आहेत, पण घरात खरोखर नुकसान करणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. बाकीचे सगळे वाट चुकलेले पाहुणे.

दुसरं म्हणजे, खाते ती अळी. अंडं, अळी, कोष आणि मग पंखवाला पतंग असा त्यांचा प्रवास असतो. धान्यातली पाकोळी आणि लोकर खाणारा पतंग उडायच्या वयात जवळजवळ काहीच खात नाहीत; जे खायचं ते अळीपणीच उरकलेलं असतं. म्हणून उडणारी पाकोळी चपलेने मारली तरी पुढच्या आठवड्यात दुसरी हजर होते. ती ज्या डब्यातून किंवा कपड्यातून निघाली ती जागा सापडेपर्यंत हे थांबत नाही.

फुलपाखरू की पतंग, हे ओळखायचं तर मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, काडेपेटीच्या काडीला गुल असतो तशी. पतंगाची मिशी साध्या दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. रात्री उडतो तो पतंग, हा नियम मात्र धरू नका. भर दुपारी उडणारे पतंगही पुष्कळ आहेत.

स्वयंपाकघरातली पाकोळी

रव्यात किंवा पिठात पाकोळी झाली की आपण "जाळी धरली" म्हणतो, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. अळी तोंडातून रेशमाचा धागा काढते आणि त्याच्या आडोशाने खात पुढे सरकते. चमचा घालून रवा उचला. दाणे सुटे पडले नाहीत, माळेसारखे लोंबले, तर ते काम पतंगाच्या अळीचं. सोंडे किंवा पोरकिडे झाले असतील तर जाळी कधीच दिसत नाही. ते भुंगेऱ्यांच्या कुळातले आहेत. हा फरक आधी बघून घ्या, कारण शोध पुढे कुठे घ्यायचा ते त्यावर ठरतं.

पुण्यातल्या घरांत तीन पाकोळ्या भेटतात. राखाडी-तपकिरी, कसलीच नक्षी नसलेली, बसली की पंख अंगाभोवती गुंडाळून घेणारी ती तांदळावरची पाकोळी, कॉर्सायरा. नावात तांदूळ असला तरी रवा, शेंगदाणे, काजू, बाजरी, ज्वारी, सगळं तिला चालतं. दुसरीच्या पंखांचा पुढचा भाग फिकट राखाडी आणि मागचा अर्धा भाग तांब्याच्या रंगाचा असतो. तिला इंग्रजीत इंडियन मील मॉथ म्हणतात, पण त्या इंडियनचा आपल्याशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मक्याच्या पिठाला इंडियन मील म्हणत, त्यावरून ते नाव पडलं. तिसरी गव्हाच्या काडाच्या रंगाची, अगदी बारीक, पंखांच्या कडेला झालर असलेली. हिची अळी दाण्याच्या आतच वाढते आणि गोल भोक पाडून बाहेर येते. गावाकडून पोत्याने ज्वारी किंवा गहू येत असेल तर ती त्यासोबत येते.

आता शोध. माझ्याकडे एका वर्षी दिवाळीनंतर पाकोळ्या सुरू झाल्या. रवा टाकला, दाणे टाकले, सगळे डबे धुतले, फळ्या पुसल्या. आठ दिवस शांतता, आणि पुन्हा संध्याकाळी ट्यूबभोवती दोन-तीन. जानेवारी उजाडला तरी तेच. शेवटी महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी उपासाचा डबा काढला. नवरात्रात आणलेली शिंगाड्याच्या पिठाची अर्धी पिशवी रबर लावून आत ठेवलेली. पीठ एकसंध गोळा झालेलं, आणि पिशवीला टाचणीने पाडावीत तशी चार-पाच भोकं. अळ्यांचं तोंड साधं प्लास्टिक सहज कुरतडतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी पहिल्यांदा उपासाच्या डब्याकडेच पाठवते. वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा या वस्तू दोन सणांच्या मधे महिनोन् महिने हलत नाहीत, आणि पाकोळीला तेच हवं असतं.

शोध घेताना क्रम असा ठेवा. आधी जे क्वचित उघडलं जातं ते: उपासाचं सामान, भेट आलेला सुकामेवा, माळ्यावरची पाहुण्यांसाठी ठेवलेली पाकिटं, पक्ष्यांना घालायचे दाणे, कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं. मग मसाल्यांत सुक्या मिरच्या आणि धणे. रोजच्या कणकेचा डबा सगळ्यात शेवटी. प्रत्येक डब्याचं झाकण उलटं करून बघा. फिरकीच्या झाकणाच्या आट्यांमधे कोष दडलेले असतात, तांदळाच्या दाण्याएवढे, पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारखे. पूर्ण वाढलेली अळी अन्न सोडून लांब चालत जाते. म्हणून छताचा कोपरा, पडद्याची दांडी, घड्याळाची मागची बाजू आणि फळीवर अंथरलेल्या कागदाच्या खालची बाजूही बघा. छतावर अळ्या दिसल्या म्हणून वरच्या मजल्याला दोष देऊ नका. मूळ जवळजवळ नेहमी आपल्याच फळीवर असतं.

सापडलेलं सामान ठेवायचं की टाकायचं? जाळी धरलेला रवा, पीठ, शिंगाडा, सुकामेवा टाका. खाऊन विषबाधा होईल असं नाही, पण त्यात अळीची विष्ठा आणि कात असते, वास लागतो, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. पिशवीचं तोंड घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा. कचऱ्याच्या डब्यात उघडं टाकलं तर पाकोळ्या परत येतील. अख्खं धान्य आणि डाळी मात्र वाचवता येतात. चाळा, पाखडा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पातळ थर पसरून दोन-तीन दिवस ऊन दाखवा. पुण्यातलं तेव्हाचं ऊन गच्चीवर काळ्या पत्र्यावर किंवा गडद कापडावर धान्य चांगलंच तापवतं, आणि पन्नास-पंचावन्न अंशांपुढे अंडी-अळ्या टिकत नाहीत. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा फ्रीजरचा आसरा घ्या. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधे घट्ट बंद पिशवीत आठवडाभर ठेवलं की अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर ओल धरेल.

मग फळ्या रिकाम्या करा, फटींमधून व्हॅक्युम फिरवा किंवा जुन्या टूथब्रशने कोपरे खरवडा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. झाकणं गरम पाण्यात बुडवा. स्वयंपाकघरात कीटकनाशकाचा फवारा मारू नका. फटीतल्या कोषापर्यंत तो पोहोचत नाही, ताटांवर मात्र बसतो. त्यानंतर दीड-दोन महिने लक्ष ठेवा. अंड्यापासून पाकोळी व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात, थंडीत जास्त. दोन महिने एकही दिसली नाही तर सुटलात.

चिकट सापळे ऑनलाइन मिळतात, त्याबद्दल एक खुलासा. मादीच्या वासाची नक्कल करून ते फक्त नरांना ओढतात. साठा किती आहे आणि कुठे आहे ते कळायला उपयोगी, संपवायला नाही. शिवाय प्रत्येक जातीचा वास वेगळा. बहुतेक सापळे तांबूस पंखांच्या पाकोळीसाठी असतात. तुमच्याकडे राखाडी कॉर्सायरा असेल तर सापळा कोराच राहील आणि तुम्हाला वाटेल की पाकोळ्या गेल्या.

पुढे होऊ नये म्हणून रवा आणल्याबरोबर भाजून ठेवायची आपली पद्धत अगदी योग्य आहे. पीठ पंधरा दिवसांचंच दळून आणा. काच, स्टील किंवा रबरी कड असलेले डबे वापरा. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, त्याने थोडी मदत होते, पण लागलेली कीड त्याने जात नाही.

वर्षाचं धान्य भरणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते. धान्यात ठेवायच्या म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी दिल्या तर घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. बंद फ्लॅटमधे, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांनासुद्धा तो गाठतो. ही गोळी प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायची वस्तू आहे, आणि आपल्याकडे तिच्या वापरावर कायद्याने निर्बंध आहेत. चार किलो गहू गेला तर जाऊ द्या.

जाता जाता या राखाडी पाकोळीची दुसरी बाजूही सांगते, कारण मला ती फार आवडते. कृषी प्रयोगशाळांमधे हीच कॉर्सायरा भरडलेल्या धान्यावर मुद्दाम वाढवतात. तिची अंडी कागदी पट्टीवर चिकटवून त्यांवर ट्रायकोग्रामा नावाच्या, एक मिलिमीटरपेक्षाही लहान गांधीलमाश्या सोडतात. माशी त्या अंड्यांत आपली अंडी घालते. ती पट्टी, म्हणजे ट्रायकोकार्ड, उसाच्या पानाला लावलं की बाहेर पडलेल्या माश्या खोडकिडीची अंडी शोधून संपवतात. रासायनिक फवारणी त्यामुळे कमी होते.

कपाटातली कसर

कसर हा शब्द आपण दोन वेगळ्या जिवांसाठी वापरतो. पुस्तकांत सापडणारी, चंदेरी, माशासारखी सुळकन पळणारी कसर पतंग नव्हे. तिला कागद, खळ आणि कांजी लागते. लोकर खाणारी ती एका फिकट सोनेरी, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीच्या पतंगाची अळी. हा पतंग दिव्याकडे येत नाही, उलट अंधारात पळतो. त्यामुळे ट्यूबभोवती फिरणारा पतंग कपडे खाणारा नाही, एवढं निश्चिंत असा.

हिला केराटिन लागतं, म्हणजे लोकर, केस, पिसं. स्वेटर, शाल, गालिचा, आणि खास करून धनगरी घोंगडी. रेशमाला ती एरवी फारशी लागत नाही, पण घामाचे, अन्नाचे डाग असतील तर तिथे कुरतडते. सुती कुर्त्याला भोक पडलं असेल तर बहुधा ही नव्हे. आणखी एक जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: बाजाची पेटी. तिच्या आत लोकरीचं फेल्ट असतं. वर्षभर न वाजवलेली पेटी उघडली तर तिथे जाळी आणि वाळूसारखी बारीक विष्ठा सापडू शकते. पेटी रोज वाजवणाऱ्यांना हा त्रास होत नाही.

भोकं दिसली की कपाट पूर्ण रिकामं करा. लोकरीचे कपडे झटका, ब्रशने शिवणी, कॉलर आणि घड्यांच्या आतल्या बाजू घासा. अंडी तिथे असतात आणि घासल्याने गळतात. मग उन्हात टाका, किंवा बंद पिशवीत घालून फ्रीजरमधे आठवडाभर ठेवा. घोंगडी फ्रीजरमधे मावत नाही, तिला दोन दिवस कडक ऊन द्या, दोन्ही बाजूंनी. ट्रंकेचे कोपरे व्हॅक्युम करा. थंडी संपली की स्वेटर न धुता आत ठेवायची सवय सोडा. फेब्रुवारीत घामट ठेवलेला स्वेटर म्हणजे अळीला पान वाढून ठेवल्यासारखं आहे.

पैठणी आणि शालूंना फ्रीजर नको, कडक ऊनही नको, रंग जातो. आईची पैठणी मी धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवते. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दिवसभर सावलीत पंख्याखाली पसरते आणि घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालते. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवायचे, जरीला टेकू द्यायचे नाहीत, आणि वास गेला की बदलायचे. डांबराच्या, म्हणजे नॅप्थलीनच्या, गोळ्या मी घरातून काढून टाकल्या आहेत. तुम्ही वापरत असाल तर निदान बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, गोधड्यांत ठेवू नका. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी नॅप्थलीनच्या वासानेही फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होते. बाळाला ही कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

भिंतीवर चालणारं बी

पावसाळ्यात सगळ्यांत जास्त डब्या याच्या येतात. भोपळ्याच्या बीसारखी, चपटी, करड्या रंगाची, सेंटिमीटरभर लांब पिशवी भिंतीला चिकटलेली असते. लोक तिला सिमेंटचा थेंब समजतात, आणि मग ती सरकते. भिंग घेऊन पाच मिनिटं बघा. एका टोकातून तपकिरी डोकं आणि पुढचे सहा पाय बाहेर येतात, भिंत पकडतात आणि पिशवी मागून ओढून घेतात. बोट जवळ नेलं की डोकं आत. थोड्या वेळाने ते दुसऱ्याच टोकातून निघतं, कारण पिशवी दोन्हीकडे उघडी असते आणि अळी आतल्या आत वळते. वाळूचे कण, धूळ, रंगाचे पोपडे स्वतःच्या रेशमाने विणून तिने हे घर केलेलं असतं.

ही चावत नाही. कोळ्याची जाळी, केस, मेलेल्या किड्यांचे अवशेष खाते, कधी लोकरही. म्हणजे ती दिसली की जळमटं काढायची वेळ झाली. कपाटामागे, पंख्याच्या वाटीपाशी, बाथरूमच्या खिडकीत झाडू फिरवा, पिशव्या उचलून बाहेर टाका, ओल येणाऱ्या भिंतीचा बंदोबस्त करा. एवढं पुरतं.

कुंडीत आणि झाडावर

तगरीची पानं रातोरात गायब झाली आणि खाली मिरीएवढ्या काळ्या गोळ्या पडल्या असतील, तर फांदीची खालची बाजू बघा. बोटाएवढी जाड हिरवी अळी, शेपटीला एक शिंगासारखा काटा, आणि डोक्यामागे पांढऱ्या कडेचे दोन निळे डोळे. डोळे खोटे आहेत, घाबरवण्यासाठी. ही कण्हेरीवरच्या हॉक मॉथ नावाच्या पतंगाची अळी; तगर, कण्हेर आणि सदाफुली तिचं खाणं. माझं म्हणणं, खाऊ द्या. तगर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटते. अळीचा रंग अचानक तपकिरी झाला आणि ती खाली उतरून चालायला लागली तर ती कोष करायला निघाली आहे. तिला सैल माती आणि वाळका पाला असलेल्या कुंडीत सोडा. दोनेक आठवड्यांनी, बहुतेक रात्री, जो पतंग निघतो त्याच्या पंखांवर हिरव्या आणि गुलाबी छटांची अशी नक्षी असते की पानांत बसला तर सापडत नाही. कण्हेर हाताळल्यावर हात धुवा, तिचा चीक विषारी असतो.

अनंताच्या झाडावर अशीच शिंगवाली अळी असेल तर तिचा पतंग पारदर्शक पंखांचा होतो आणि दिवसा फुलांसमोर हवेत थांबून रस पितो. दरवर्षी कुणीतरी मला "बाल्कनीत हमिंगबर्ड आला" म्हणून व्हिडिओ पाठवतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडे फुलासमोर घोंघावत थांबतो तो बहुधा असा एखादा हॉक मॉथ, आणि चोच दिसली तर शिंजीर.

केसाळ अळ्यांपासून मात्र जपा. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर घुल्यांचा गालिचाच बसलेला असतो. मुलं टेकतात आणि अंगभर खाज सुटते. घुला लागला तर चोळू नका. चोळलं की केस आणखी रुततात. त्या जागेवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, दर वेळी नवी पट्टी घेऊन असं चार-पाचदा करा. मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फाने शेका, कॅलामाइन लावा. कपडे वेगळे धुवा. डोळ्यात केस गेला, ओठ सुजले किंवा धाप लागली तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे. खोडावरचा थवा काढायचा तर तो पहाटे एकाच जागी असतो. लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडा, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून.

पुरंदर-बारामतीकडे डाळिंबं लावणाऱ्या वाचकांना नारिंगी पंखांचा रसशोषक पतंग ठाऊक असेल. इथे मात्र अळी निर्दोष आणि पतंग अपराधी: तो रात्री कडक सोंडेने फळाला भोक पाडतो, आणि ते फळ सडून गळतं. त्याची अळी गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, म्हणून बागेच्या बांधावरच्या या वेली काढतात आणि फळांना पिशव्या घालतात.

जिन्यातला पाहुणा

आता मोठे पतंग. तळहाताएवढा, काळपट तपकिरी, प्रत्येक पुढच्या पंखावर एक मोठा डोळा असलेला पतंग जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दिवसभर बसलेला दिसतो. त्याला घुबड पतंग म्हणतात. लोक त्याला वटवाघूळ समजून झाडू आणतात. तो पिकलेल्या फळांचा आणि झाडाचा रस पितो, बाकी काही करत नाही. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, हातात धरला की चिरकणारा हॉक मॉथही इथला. सोंडेतून हवा ढकलून तो आवाज काढतो. त्याला अपशकुनी मानणाऱ्या एका आजोबांना मी सांगितलं की हा मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. तेव्हापासून ते नातवंडांना तो बोलावून दाखवतात.

टेकडीजवळ राहणाऱ्यांना आणखी दोघे भेटू शकतात. एक टसर, पिवळा किंवा विटकरी, चारही पंखांवर काचेच्या खिडकीसारखं एकेक पारदर्शक गोल. विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे याच्याच कोषाचं रेशीम निघतं. ऐन-अर्जुनाच्या फांदीला देठाने लटकलेला, सुपारीपेक्षा मोठा, टणक कोष दिसला तर तो याचा. दुसरा मून मॉथ, फिकट पोपटी, मागच्या पंखांना लांब वळणदार शेपट्या. मोईच्या झाडावर त्याची अळी वाढते. त्याच्या अमेरिकेतल्या भावंडावर २०१५ मध्ये प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की उडताना या शेपट्या गरगरतात आणि वटवाघळाच्या आवाजाचा नेम चुकवतात. वटवाघूळ शेपटी तोडून नेतं, पतंग वाचतो. म्हणून शेपटी तुटलेला मून मॉथ दिसला तर तो आजारी समजू नका.

आणि अ‍ॅटलास. पंख पसरले की जवळपास वीतभर, मोठी मादी २४ सेंटिमीटरपर्यंत. पंखांच्या टोकाला नागाच्या डोक्यासारखा आकार. हा शहरात क्वचित, सह्याद्रीच्या ओल्या जंगलाजवळ भेटतो. मुळशी-ताम्हिणीकडे पावसाळ्यात मुक्कामाला जाल तर सकाळी व्हरांड्याच्या दिव्याखालची भिंत नक्की बघा.

असा मोठा पतंग घरात आला तर आधी पंखा बंद करा. मग खोलीतले दिवे घालवून बाल्कनीतला एक दिवा लावा आणि दार उघडं ठेवा. बहुतेक वेळा तो आपणहून जातो. बसून राहिला तर मोठं पातेलं हलक्या हाताने त्याच्यावर पालथं घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि बाहेर झाडाच्या खोडाशी नेऊन सोडा. पंखाला धरू नका. हाताला लागते ती भुकटी म्हणजे त्याच्या पंखांचे खवले. ती डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो असं लहानपणी आम्हाला सांगत, ते खरं नाही. डोळा चुरचुरेल, पाण्याने धुवा. सोडायची वेळ संध्याकाळची ठेवा. भर दुपारी उघड्यावर सोडलेला पतंग कावळे आणि साळुंक्या मिनिटभरात टिपतात. तोपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत, काहीही न भरवता ठेवा. अ‍ॅटलास, मून मॉथ आणि टसर यांना खायला तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्या चरबीवर ते आठ-दहा दिवस जगतात, आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. साखरपाण्याचा बोळा त्यांच्यापुढे ठेवून उपयोग नाही. नर की मादी तेही बघून घ्या: मिशा कंगव्यासारख्या रुंद असतील तर नर. त्याच रुंद मिशांनी तो लांबवरच्या मादीचा वास ओळखतो.

गच्चीवर चादर लावा

एकदा मुलांना घेऊन पतंग बघायची रात्र करा. रात्री टेकडीवर किंवा जंगलात जाऊ नका. साप असतात, आणि वनखात्याची परवानगी लागते. गच्ची पुरते. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली, पाऊस नुकताच थांबलेली दमट रात्र निवडा. जून ते ऑक्टोबर हा हंगाम. जुनी पांढरी सुती चादर कपडे वाळत घालायच्या दोरीवर ताणून लावा, खालची कड जमिनीवर पसरू द्या, आणि समोर हातभर अंतरावर दिवा टांगा. साध्या पांढऱ्या एलईडीला थोडे येतात, अतिनील ट्यूबला पुष्कळ. पण त्या ट्यूबकडे एकटक बघायचं नाही, मुलांना पाठ करून उभं करा. गच्चीवर ओल असते, तेव्हा वायर आणि जोड कोरडे आणि उंच ठेवा.

ते दिव्याकडे का येतात, हे मुलं विचारणारच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं. रात्री आकाश हेच सगळ्यांत उजळ असतं, म्हणून पतंग उजेडाकडे पाठ ठेवून सरळ उडतात. दिवा लागला की ते दिव्याकडे पाठ करतात आणि त्याच्याभोवती घिरट्यांत अडकतात. दिव्यावर झेप घेणारा पतंग आपल्या कवितांनी प्रेमवेडा केला, पण बिचारा वर-खाली कळेनासं होऊन फिरत असतो.

म्हणूनच दोन तासांनी दिवा बंद करा. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, आकार कळतो. पंख पसरलेले आणि मिटलेले असे दोन्ही फोटो घ्या. ओळख पटवायला मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ चांगलं आहे. दिवा विझल्यावरही काही जण चादरीवर बसून राहतात. त्यांना रात्रभर तसंच सोडलं तर सकाळी बुलबुल आणि दयाळ रांगेने येऊन फराळ करतात. आम्ही झोपायच्या आधी चादरीची चार टोकं धरून ती जिन्यावरून हळूच खाली नेतो आणि कुंपणाच्या मेंदीवर झटकतो.